आडवेरावांचा डबा

आडवेरावांना आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त बायकोला आणि दवाखान्याच्या केसपेपरला ठाऊक. सामान हलवणाऱ्या टोळीत लहानथोर सगळे त्यांना आडवेरावच म्हणत. कारणही तसंच होतं. ऐन जिन्यात, पाठीवर कपाट असताना, हा माणूस आडवा व्हायचा. आधी कानाच्या पाळ्या लालभडक व्हायच्या, मग मानेवर गांध्या उठायच्या (लोक म्हणत, पट्टा घासला), मग "धरा रे, धरा" असा क्षीण आवाज यायचा, आणि कपाट दुसऱ्याच्या खांद्यावर नि आडवेराव पायरीवर.

यातली मेख अशी, की पडणंसुद्धा निवडून. खुर्च्या, गाद्या, भांड्यांची खोकी असली की गडी घोड्यासारखा धावायचा. चौथा मजला, लिफ्ट नाही आणि वर पियानो चढवायचा आहे, म्हटलं की दहातल्या सहा वेळा आडवेराव गारद. अकरा वर्षं हे चाललं होतं. सुट्टीच्या दिवशी हाच माणूस पत्ते कुटत, चहात बुडवून, एका बैठकीत सहा पाव फस्त करायचा आणि साधा ढेकरही द्यायचा नाही. मग लोकांनी काय समजायचं? अंग राखतो, दुसरं काय!

टोळीचा मुकादम होता त्यांचा सख्खा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. त्यानेच त्यांना कामाला चिकटवलं होतं, त्यामुळे आडवेराव पडले की नाक कापलं जायचं ते मुकादमाचं. तो ते सव्याज वसूल करायचा.

"काय दाजी, आज कितव्या पायरीवर बिछाना घालू?"

टोळी खो खो हसायची. आडवेरावही हसायचे. न हसून सांगतात कुणाला!

बायकोचं निदान ठाम होतं: नवरा अशक्त आहे. आणि अशक्तपणावर जगात एकच औषध, पोटभर खाणं. भारी काम कधी आहे याची बातमी ती दादाकडून आदल्या दिवशीच काढायची. सकाळी चार जाडजूड पाव, दोन्ही अंगांनी लोणी. दोन तिच्यादेखत दारातच संपवायचे, दोन डब्यात. "ओझं उचलायच्या आधी खा हं. अहो, पोटात असेल तर पायात येईल." हात कमरेवर ठेवून ती अशी उभी राहायची, की पाव टाकून पुढे सरकायची छाती एखाद्या पहिलवानालाही झाली नसती.

एकदा ती धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी सहा आठवडे माहेरी गेली. आडवेरावांनी सकाळी कोरा चहा नि केळं, रात्री भात नि उकडलेला बटाटा, यावर दिवस काढले. त्या सहा आठवड्यांत दोन पियानो, एक लोखंडी तिजोरी आणि दगडी फळीचं एक टेबल वर गेलं. आडवेराव एकदाही पडले नाहीत. झालं! लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? "बायको माहेरी, दाजी पहिलवान." इस्त्रीवाल्याने हे दूधवाल्याला सांगितलं, दूधवाल्याने अख्ख्या गल्लीला, आणि ती परत आली तेव्हा बातमी तिच्या आधी घरात येऊन बसली होती. तीन दिवस ती कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने लोणी वाढवलं.

मग एका सकाळी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आडवेराव पडले, पियानो सुटला आणि मुकादमाच्या पायापासून वीतभर अंतरावर त्याचा कोपरा आदळला. फरशी फुटली. टोळीच्या मालकाने त्याच संध्याकाळी मुकादमाला बोलावून घेतलं.

"आता पुढच्या वेळी पाणी शिंपडायचं नाही. टेम्पोत घालायचं नि थेट हॉस्पिटल. पडल्या पडल्या रक्त घ्यायला लावायचं. सोंग असेल तर डॉक्टर सांगतील. सोंग निघालं तर त्याच दिवशी टोळीतून बाहेर, आणि साक्षीदार म्हणून सही तुझी."

आजवर आडवेराव दवाखान्यात जायचे ते पडल्यानंतर दोन दिवसांनी, सवड झाली की. तपासणी नेहमी स्वच्छ. पडल्या पडल्या रक्त काढावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते आलं मालकाच्या, आणि तेही चोर पकडायला.

आठच दिवसांनी लोखंडी कपाट नेताना दुसऱ्या मजल्यावर आडवेराव कोसळले. मुकादमाने बुटाच्या टोकाने त्यांना बरगडीत ढोसलं. "उठा दाजी, इथे माझी बहीण नाहीये बघायला." आडवेरावांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण ओठ पावासारखे फुगले होते आणि घशातून नुसती शिट्टी वाजली. मुकादमाचा चेहरा उतरला. टेम्पो त्याने स्वतः हाणला.

हॉस्पिटलात मांडीत इंजेक्शन बसलं, सलाइन लागलं, तासाभराच्या आत रक्ताच्या नळ्या भरल्या. शुद्ध येता येता आडवेरावांच्या मनात एकच भीती होती. आता मी पकडला जाणार. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं ते हे, की अकरा वर्षं ऐकून ऐकून त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता. आपल्या आत एक कामचुकार दडून बसलाय, तो भारी ओझं बघितलं की आपले पाय ओढतो, असं त्यांना मनापासून वाटायचं. जिन्याच्या तळाशी उभे राहून त्यांनी त्याच्या विनवण्याही केल्या होत्या. बाबा रे, आजचा दिवस सोड.

दहा दिवसांनी ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिघं ओळीने बसली. मुकादमाच्या हातात मालकाचा कागद, बायकोच्या मांडीवर डबा, आडवेरावांच्या हातात काहीच नाही.

"सोंग आहे की नाही, तेवढंच लिहून पाहिजे," मुकादम म्हणाला.

बाईंनी अहवाल त्याच्याकडे फिरवला. "त्या दिवशीच्या रक्तात ट्रिप्टेज नावाचा पदार्थ पाचपट होता. अंगात ॲलर्जीचा भडका उडाला की तो रक्तात सांडतो आणि दिवसभरात ओसरतो. नंतर यांना पुन्हा बोलावून तपासलं, तेव्हा तो जागच्या जागी. डोळे मिटून कुणीही पडेल हो. हा आकडा ठरवून कुणाला वाढवता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे त्या जिन्यात मरता मरता वाचलेत. आणि अकरा वर्षं असंच होत असेल, तर किती वेळा वाचलेत ते तुम्हीच आठवा."

मुकादम आठवू लागला असावा, कारण त्याने हातातला कागद उलटा करून मांडीवर ठेवला. "मी... मी ढोसलं होतं यांना," तो म्हणाला. "पायाने." ऐकायला कुणी तयार नव्हतं.

"कसली ॲलर्जी?" बायकोने विचारलं. "धुळीचीच असणार. त्या पियानोत काय कमी धूळ असते!"

"ओझं उचलायच्या आधी हे काय खातात?"

अकरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ती ताठ बसली. डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. "हे बघा. दोन घरी, दोन डब्यात. लोणी दोन्ही बाजूंनी. भारी कामाला उपाशी कधी पाठवलं नाही मी."

बाईंनी डब्याकडे बघितलं, मग अहवालाकडे. मग पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"गव्हाची नेहमीची तपासणी कोरी आली होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून गव्हातल्या एकाच प्रथिनाची वेगळी केली. ती जोरदार आली. असल्या माणसाने पाव खाऊन स्वस्थ बसलं तर बहुधा काही होत नाही. नुसती मेहनत केली तरी नाही. पाव खाऊन चार तासांच्या आत अंग मोडून काम केलं, की मात्र असं होतं."

"तरीच ही माहेरी गेली होती तेव्हा..." मुकादम बहिणीकडे बघत बोलून गेला.

ती डब्याचं झाकण लावत होती. लागत नव्हतं. उलटं होतं. "लोक म्हणत होते ते खरंच होतं," ती म्हणाली. "मीच यांना खायला घालत होते."

आडवेरावांनी झाकण तिच्या हातातून घेऊन नीट बसवलं. "तू घालत होतीस, पण खात कोण होतं? मीच ना? सहा सहा खायचो." मग बाईंकडे वळून त्यांनी चोरट्या आवाजात विचारलं, "म्हणजे डॉक्टर, मी कामचुकार नाही?"

"नाही."

"नक्की? मग तेवढं कागदावर लिहा."

बाईंनी लिहिलं. मुकादमाने खाली सही केली. सही इतकी वाकडी आली, की मालकाने दुसऱ्या दिवशी विचारलं, ही तुझीच का रे?

गहू बंद झाला. खिशात इंजेक्शनचं पेन आलं, आणि ते मांडीत कसं मारायचं हे टोळीतला प्रत्येक जण शिकला. त्यानंतर महिन्याभराने पुन्हा पियानो निघाला. चौथा मजला, लिफ्ट नाही. खाली टेम्पोजवळ मुकादमाने आडवेरावांचा डबा उघडून पाहिला. भात नि बटाटे. त्याने बटाटा मोडूनही पाहिला.

प्रत्येक वळणावर टोळी सवयीने थबकत होती. टेम्पोचा ड्रायव्हर तोंडावर शिंपडायच्या पाण्याचा मग घेऊन मागे होताच. चौथ्या मजल्यावर पियानो टेकला. सगळे आडवेरावांकडे बघत होते आणि आडवेराव स्वतःचे कान चाचपत होते. गार होते. ते तसेच उभे राहिले, घाबरून, उभं राहून पुढे काय करायचं असतं ते न कळल्यासारखे. मग त्यांनी ड्रायव्हरच्या हातातला मग घेतला आणि घटाघट पाणी पिऊन टाकलं.

मुकादम मात्र पायरीवर मटकन बसला होता.

"काय मेहुणे," आडवेराव म्हणाले, "बिछाना घालू?"

टोळी हसली. मुकादम हसला नाही. तो खाली मान घालून आपल्या बुटाच्या टोकाकडे बघत होता.