कल्हईवाल्या मामूने सांगितलेला भाव

चकचकीत पैसा समोर ठेवला की कल्हईवाला मामू खवळायचा. आमच्याकडच्या बाया जुना तांब्याचा ढब्बू पैसा त्याला दाखवायला आणायच्या, तेव्हा आदल्या दिवशीच चिंच आणि राख लावून देवाच्या भांड्यासारखा घासायच्या. मामू तो हातातही घेत नसे. "घासला? मेला तो. अवो बाई, अंगावरचा काळा रंग म्हणजे त्याची उमर हाय. तुमी उमरच धुऊन टाकली. आता तांब्याच्या भावानं भंगारात जाईन." बाई रागाने पैसा ओच्यात टाकून निघून जायची. पुढच्या बाजाराला तिचीच जाऊ दुसरा पैसा घासून आणायची.

मामू नागभीडचा. दर आठवड्याला आमच्या गावच्या बाजारात भट्टी मांडायचा, आणि मी त्याच्या बाजूला वांगी-मिरच्या घेऊन बसायची. भांड्यांना कल्हई लावणे हा त्याचा धंदा, जुनी नाणी हा नाद. नागपूरचे शौकीन लोक त्याच्याकडून नाणी नेत, म्हणून त्याला भाव ठाऊक. बाया आपली पितळी गुंड-गंज अशी भांडी त्याच्या स्वाधीन करून घरी जात. कोणी मोजत नसे, कोणी चिठ्ठी मागत नसे. त्या दिवशी न झालेली भांडी तो नागभीडला नेऊन पुढच्या बाजाराला परत आणायचा. या विश्वासावरच त्याची चूल पेटायची.

नाणे पाहायची त्याची रीत होती. आधी तळव्यावर तोलायचा, मग कडेवरून नख फिरवायचा, मग उन्हात तिरपे धरायचा. "राणीच्या केसाची बट न बट दिसली पायजे. बट गेली का भाव गेला." साल पाहायचा, सालाखाली टांकसाळीचे टिंब आहे का पाहायचा. एवढे झाले की पटकन आकडा सांगायचा, आणि आकडा बहुतेक लहानच असायचा. भोकाच्या पैशाला तर हसायचाच. "सरकारनं हे पोत्यानं काढले होते. लेकराच्या करदोड्यात बांधा, तिथंच शोभते."

गोड बोलणे त्याच्या जिभेला नव्हते. एका म्हाताऱ्याने भिंतीत सापडलेले गाडगेभर पैसे आणले. मामूने सगळे उलथेपालथे केले आणि म्हणाला, "आज्यानं पुरून ठेवले ते बराबर केलं भाऊ. परत पुरून टाका." बाजार हसला, म्हातारा नाही हसला. लोकांना खरा भाव नको असतो, मोठा भाव पाहिजे असतो. मामूला हे तेव्हा कळत नव्हते.

एका उन्हाळ्यात माझ्या भासऱ्यांच्या अंगणात गाडी आली. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, गावच्या देवळाच्या कमिटीचे मुख्य. कळसासाठी जमवलेला पैसा त्यांच्याच पेटीत. गाडीतून उतरलेल्या दोघांनी एक तांब्याचे नाणे दाखवले. एका अंगाला हनुमान, दुसऱ्या अंगाला कंपनी सरकारची इंग्रजी अक्षरे. त्यांनी ते तांदळाच्या दाण्यांवर धरले आणि दाणे टपाटप चिकटले. वीज पडलेले तांबे आहे, परदेशातली कंपनी करोडोंनी घेते, म्हणाले. आमचा सगळा मुलूख धानाचा. तांदूळ ओढणारे नाणे पाहून माणसांचे डोळे फिरले.

तरी भासरे ते घेऊन मामूकडे आले. मागे अर्धे गाव. मामूने नाणे तोलले, नख फिरवले.

"भाऊ, हे ठशानं ठोकलेलं नाई, साच्यात ओतलेलं हाय. हे फोड पाहा. कंपनीच्या पैशावर तराजू राह्यते, नाई तं सिंह राह्यते. कंपनी सरकार काय हनुमानचालीसा वाचत होती?"

"मंग तांदूळ काऊन चिकटते?" भासऱ्यांनी विचारले.

"चिकटवणाऱ्याले इचारा. माझ्या हातात एक दाणा तं चिकटवून दाखवा."

मागून कोणी तरी बोलले, "देवाचं नाणं मुसलमानाले दाखवाच काऊन? त्याले काय समजते?" मामूने नाणे भासऱ्यांच्या हातात ठेवले आणि भट्टीचा भाता ओढू लागला.

आमच्यात सून भासऱ्यांशी बोलत नाही. डोईवर पदर घेऊन भिंतीला सांगावे, नाही तर नवऱ्याला. मी नवऱ्याला म्हटले, "त्यांना सांगा, मामू धंद्यात खोटं बोलत नाई." नवरा म्हणाला, "तू आपली वांगी इक." कळसाचा पैसा गाडीत बसून गेला. नाणे डबीत राहिले, परदेशातले गिऱ्हाईक येईपर्यंत डबी उघडायची नाही म्हणून. ते आले नाही. शेवटी डबी उघडली, तर नाण्याला एक दाणा चिकटेना.

पुढच्या बाजारात भासरे मामूच्या भट्टीसमोर उभे राहिले. गावाला तोंड दाखवायचे तर दोष टाकायला त्यांना कोणी तरी हवा होता. "या मुलखात नाण्यातला जाणकार एकच. त्या ठगांले आमच्या गावचा पत्ता यानंच देल्ला."

"म्या तं खोटं हाय म्हून सांगतलं होतं," मामू म्हणाला.

"मंग जोर देऊन काऊन नाई सांगतलं?"

मी उठले. डोईवरचा पदर खाली गेला, जाऊ दिला. जन्मात पहिल्यांदा भासऱ्यांच्या तोंडाकडे पाहून बोलले, "सांगतलं होतं. तुमीच आयकलं नाई. चोर गाडीतून गेला, आता मामूले काऊन धरता?" भासरे माझ्याशी बोललेच नाहीत. नवऱ्याला म्हणाले, "तुह्या बायकोले घरी ने."

तेवढ्यात एक बाई पुढे आली आणि आपला गुंड उचलून घेऊन गेली. मग दुसरी. काही भांडी अर्धीच झाली होती, तीही नेली. ज्या बायांनी इतकी वर्षे मोजली नाहीत, त्या उभ्या राहून मोजत होत्या. मामूने निखाऱ्यांवर पाणी ओतले. पुन्हा आमच्या बाजारात आला नाही. भासरे मात्र मरेपर्यंत कमिटीचे मुख्य राहिले.

बऱ्याच वर्षांनी डोळे दाखवायला नागभीडला गेले. मामू मुलाच्या पंक्चरच्या दुकानात स्टुलावर बसला होता. घराची चूल मोडताना मला एक ढब्बू पैसा सापडला होता, तो मी त्याच्यापुढे धरला. "मामू, याचा भाव काय?"

त्याने हात पुढे केला नाही. नाण्याकडे पाहिलेही नाही.

"तुमाले किती पायजे बाई? तेवढा सांगतो."