भुतं आणि टीपकागद

ॲग्नेस हाव्रानेक दिवसा कोबी काढायची. शिकागोतल्या एका बियाणे कंपनीच्या सूचिपत्रासाठी कोबी, टोमॅटो, भोपळे. संध्याकाळी त्याच टाकाने ती भुतं काढायची. शिकागोच्याच आमच्या पिल्सन भागात सिगारेटच्या दुकानांतून भयकथांचं एक मासिक टांगलेलं असे. त्यातली नऊ वर्षांची बहुतेक चित्रं तिची. सही मात्र ‘ए. हाव्रानेक’ एवढीच. वाचकांची पत्रं ‘महाशय’ म्हणून येत. भुतं बाईने काढलीत हे कळलं तर घाबरणार कोण, असं संपादकांचं म्हणणं.

मासिकाचा कागद टीपकागदासारखा होता. शाई टेकली की पसरायची. आणि तिची चित्रं तर शाईच्या बारीक टिंबांनीच भरलेली असत. चित्रांचे छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या म्हाताऱ्या रूडी प्लाखीने तिला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, “पोरी, टिंबं इतकी दाट देऊ नकोस. उरलेलं काम कागद करतो.” तेव्हापासून ती टिंबं विरळ देई. छापताना ती फुगून एकमेकांना भिडत आणि तळघराचा अंधार तयार होई.

१९४१च्या वसंतात विस्कॉन्सिनच्या एल्सवर्थ नेबर या तरुणाने मासिकातल्या चौदा कथांचं पुस्तक काढायला घेतलं. जाड पांढरा कागद, पुठ्ठ्याची बांधणी, आतल्या पानावर तिचं पूर्ण नाव. मूळ चित्रं छपाईनंतर फेकून द्यायची मासिकात रीतच होती. पण प्रत्येक ब्लॉकचा एक छाप रूडी तपासणीसाठी गुळगुळीत कागदावर काढी आणि मग खणाच्या तळाशी अंथरी. त्या चौदा कथांच्या चित्रांचे चौदाही छाप तिथे सापडले.

नेबर रूडीच्या कामाच्या खोलीत आला आणि त्याने ॲग्नेससमोर छाप टेबलावर मांडले.

“बाई, भुतं कुठं गेली?”

“म्हणजे?”

“हे मढं बघा. पावडर लावून लग्नाला निघाल्यासारखं दिसतंय.”

त्याचं खरं होतं. गुळगुळीत कागदावर टिंबं फुगली नव्हती.

“बिनचित्रांचंच काढतो,” नेबर म्हणाला. “पंधरा दिवसांत छपाईला द्यायचंय.”

“आणि माझं नाव?”

“चित्रंच नाहीत तर नाव कशासाठी घालू?”

रूडी कोपऱ्यातून म्हणाला, “नऊ वर्षं कागद फुकट राबला तुझ्यासाठी. आता तू राब.”

ॲग्नेसने ते पंधरा दिवस मागून घेतले, कंपनीत रजा टाकली आणि त्या छापांवरच शाईने टिंबं भरायला बसली. पहिल्या चित्रात तिने सगळ्याच फटी बुजवल्या.

“हे भूत नाही, डांबर आहे,” रूडी म्हणाला.

“चुकलंच, काका.”

ते चित्र गेलं. मग तिने मासिकाचा जुना अंक भिंगाखाली धरला. कुठलं टिंब किती पसरलंय ते बघायचं आणि तेवढंच हाताने वाढवायचं. धुक्यात शाई कमी, तोंडाच्या पोकळीत जास्त. कागद जे एका दाबात करी, त्यासाठी तिला चित्रामागे एक दिवस लागला. चौदाव्या दिवशी तेरा चित्रं नेबरच्या हातात होती. त्याने सहावं उचललं आणि पटकन पालथं ठेवलं.

“हे चालेल,” तो म्हणाला.

सप्टेंबरात पुस्तक आलं. ‘चित्रे : ॲग्नेस हाव्रानेक’. पहिलं पत्र ओहायोहून आलं. रूडीने ते मोठ्याने वाचलं : “श्रीमती हाव्रानेक, तुमचं सहावं चित्र पाहिल्यापासून कोळसा आणायला तळघरात मी भावाला पाठवते.”

“बघ,” तो म्हणाला, “बाईलाही घाबरतात.”