जर्मन जाकीट

माझे यजमान लढाईत ड्रायव्हर होते. जखमी माणसं आणायची गाडी चालवायचे. इटलीतून परत आले ते एक काळं चामड्याचं जाकीट घेऊन, आणि त्या जाकिटावरून ठाण्याच्या आमच्या चाळीने त्यांचं जे केलं, त्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी नाही निवळले.

आमचं लग्न झालं तेव्हा हे एका कारखान्याची लॉरी चालवत होते. टेंभी नाक्याजवळ चाळीत दोन खोल्या, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. जाकीट घरात येत नव्हतं. देवाच्या घरात कातडं नको, असा सासूबाईंचा हुकूम. म्हणून ते बाहेर गॅलरीतल्या खिळ्याला टांगलेलं असायचं. कमरेपर्यंतचं, रुंद कॉलरचं, पुढे एका पदरावर दुसरा पदर येऊन बटणं लागायची. जर्मन रणगाड्यातली माणसं असली जाकिटं घालायची. मुळात ती पाणबुडीवरच्या खलाशांसाठी शिवलेली, असं ह्यांना पलटणीत कोणीतरी सांगितलं होतं. रणगाडा पेटला की साधे कपडे अंगावर भडकतात, चामडं तेवढं लवकर पेट घेत नाही, म्हणून टँकवाल्यांचा त्यांच्यावर जीव.

ते ह्यांच्याकडे कसं आलं, हे मी लग्नानंतर लगेच विचारलं होतं, कारण मलाही ते आवडलं नव्हतं. ह्यांनी सरळ सांगितलं. गाडीत एक जखमी जर्मन कैदी होता, पोरगाच, पायाला लागलेलं. इस्पितळाच्या दारात उतरवल्यावर त्याने जाकीट काढलं, ह्यांच्या हातात कोंबलं आणि तोंडाशी दोन बोटं नेऊन सिगारेटची खूण केली. ह्यांनी होती नव्हती ती पाकिटं दिली, दुधाचा डबा दिला.

"आणि तो थंडीत तसाच?" मी विचारलं.

"माझी घोंगडी दिली त्याला. त्याला ते जाकीट नकोच होतं गं. धुराचा वास मारत होता त्याला."

बस, एवढीच हकीकत. एका जानेवारीत कल्याणला माझ्या माहेराहून लॉरीतून परत येताना खाडीवरचा वारा असा बोचायला लागला की ह्यांनी ते माझ्या अंगावर टाकलं. वजनदार होतं, आणि आतून इतकं ऊबदार की मी घर येईपर्यंत काढलं नाही. तेव्हापासून मी त्याला तेल लावून पुसायला लागले. सासूबाई बघून न बघितल्यासारखं करायच्या.

चाळीला मात्र ते डोळ्यांत सलायचं. चाळीत बहुतेक कचेरीत जाणारी मंडळी, इस्त्रीचे सदरे, हातात छत्री. एक लॉरी ड्रायव्हर चामड्याचं जाकीट घालून पहाटे जिना उतरतो, म्हणजे काय! आधी कुजबुज निघाली, मढ्यावरून काढलेलं आहे. मग कोणीतरी ह्यांना नाव ठेवलं, 'जर्मनचं भांडं'. स्वयंपाकघरात आपण जर्मनची पातेली म्हणतो ना, हलक्या धातूची, लवकर चेपणारी, तशातलं. पाठीमागे म्हणत, मग तोंडावरही म्हणायला लागले. हे हसून सोडून देत. मला ते हसणं मुळीच आवडत नसे.

चाळीच्या गणपतीत दरवर्षी नाटक व्हायचं. मंडळाचे सेक्रेटरी आमच्याच मजल्यावर राहायचे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. नाटक तेच लिहायचे, तेच बसवायचे. त्या वर्षी ते आमच्या दारात आले, अगदी गोड बोलत.

"वहिनी, यजमानांचं जाकीट चार दिवस द्या. नाटकात एक सैनिक आहे. जरा खरं वाटेल."

हे खुशीत उठले आणि खिळ्यावरून काढून त्यांच्या हातात दिलं. सैनिकाचं काम म्हटल्यावर ह्यांना आनंदच झाला होता. नाटकाच्या संध्याकाळी नवीन लेंगा-सदरा घालून पुढच्या रांगेत जाऊन बसले. मी बायकांत, सासूबाईंच्या शेजारी.

पहिल्या अंकात तो सैनिक आला, स्वतः सेक्रेटरीच. ह्यांचं जाकीट, पोटाला उशी बांधलेली, ह्यांच्यासारखा डाव्या बाजूला भांग. आल्या आल्या त्याने जाहीर केलं, "आम्ही जर्मनचं भांडं!" आणि मंडप हसून फुटला. मग तो इटलीच्या गप्पा मारायला लागला. गोऱ्या साहेबाचे बूट कसे पुसले ते सांगितलं. लढाई सुरू झाली की कुठे लपायचा ते सांगितलं. शेवटी एका मेलेल्या जर्मनाचं जाकीट ओढताना मेलेला उठून बसतो आणि हा धोतर सोडून पळतो, असा प्रवेश होता. लोक वळून वळून ह्यांच्याकडे बघत होते. माझ्या पुढची बाई हसता हसता पदर तोंडाला लावत होती. आणि हेही हसत होते. मान खाली घालून, खांदे हलवत हसत होते.

पळताना त्याने प्रेक्षकांकडे पाठ केली तेव्हा मला दिसलं. जाकिटाच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने भलंमोठं स्वस्तिक काढलेलं. तेही जर्मनांचं नव्हे. आपलं, दारावर काढतो ते, चार ठिपक्यांसकट.

मध्यंतराचा पडदा पडला तशी मी उठले आणि रंगमंचाच्या मागे गेले. सेक्रेटरी तोंडाला रंग लावून चहा पीत होते.

"जाकीट काढा," मी म्हटलं.

"वहिनी, अजून दोन अंक आहेत! आणि विनोद आहे हो, मनावर काय घेता?"

"विनोद करायचा तर स्वतःच्या कोटावर करा. कोणाला विचारून रंग लावलात?"

"निघेल तो. रॉकेलने निघतो." मग जरा आवाज चढवून, आजूबाजूला चार माणसं आहेत हे बघून म्हणाले, "आणि वहिनी, एक बोलू? स्वराज्य आलंय. गोऱ्यांची भाडोत्री चाकरी केली, तिचं कौतुक आता कोणी करायचं?"

"आणि तुम्ही? सत्तेचाळीस सालापर्यंत रोज सकाळी छत्री घेऊन कोणाची चाकरी करायला जात होता? तुम्ही पगार घेत होता तेव्हा हे तुटलेली माणसं उचलत होते."

 सेक्रेटरींचा चेहरा रंगाखालूनही लाल झालेला दिसला. पण जाकीट त्यांनी काढून दिलं नाही. नाटक पुढे चालू झालं. मी सासूबाईंना घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी जाकीट परत आलं तेव्हा ते स्वस्तिक सासूबाईंनी जवळून पाहिलं आणि त्यांचा जो संताप झाला तो मी कधी पाहिला नव्हता. "कातड्यावर? देवाचं चिन्ह कातड्यावर?" जाकीट काठीला लटकवून त्या सेक्रेटरींच्या दारात गेल्या. "गणपतीचं नाटक करता आणि एवढं कळत नाही? शिकलात काय जळलं?" तिथून नळापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. माझं कारण वेगळं, त्यांचं वेगळं, पण त्या सकाळी प्रथमच आम्ही दोघी एका बाजूला होतो.

सेक्रेटरींनी जिन्यातल्या फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास मंडळ दिलगीर आहे. 'असल्यास'! मी तो फळा वाचून जिन्यातच थुंकणार होते.

रॉकेलने रंग निघाला नाही. पसरला, आणि चामडं भेगाळलं. तेवढ्यात कल्याणच्या एका मंडळाने नाट्यस्पर्धा ठेवली आणि सेक्रेटरी पुन्हा जाकीट मागायला आले. मी घरात नव्हते. हे घरात होते. ह्यांनी दिलं!

मी परत आल्यावर मला ते कळलं. "का दिलंत?"

"आपल्याला इथेच राहायचंय," हे म्हणाले. "आईला पाणी कोण भरू देतं, रात्री दुखलंखुपलं तर कोण येतं? वैर कशाला?"

"राहायचंय म्हणून लाथा खायच्या?"

"लाथा कसल्या. नाटक आहे."

मी ताट वाढलं. मग तशीच उठून सेक्रेटरींच्या घरी गेले. दार उघडं होतं, त्यांची बायको तांदूळ निवडत होती. जाकीट खुंटीवर होतं. मी ते काढून घेतलं. ती बाई माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "न्या. मी सांगितलं होतं त्यांना." चारचौघांत सांगितलं असतं तर बरं झालं असतं, हे मी तिला ऐकवलं. वाईट वाटलं असेल तिला. वाटू दे.

कल्याणला त्यांनी ते नाटक घोंगडी पांघरून केलं म्हणे.

पुढच्याच उन्हाळ्यात आम्ही डोंबिवलीला जागा घेतली. जाकीट मी बाहेरच्या ट्रंकेत ठेवलं होतं. दोन पावसाळ्यांत त्याला बुरशी आली, अस्तर हातात यायला लागलं, आणि ते टाकून द्यावं लागलं. ह्यांनी त्याबद्दल एक शब्द विचारला नाही.

डोंबिवलीत नवे शेजारी चहाला आले होते. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुम्ही लष्करात होतात का हो? चालण्यावरून वाटतं."

"नाही," हे म्हणाले. "मी ड्रायव्हर आहे."

मी कप खाली ठेवले. "होते," मी म्हटलं. "इटलीत होते. गोळीबारातून माणसं आणायचे."

शेजारी गेल्यावर हे माझ्यावर ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा. "तुला कोणी सांगितलं होतं मध्ये बोलायला? मला नाही कोणाला काही सांगायचं! समजलं?"  सासूबाई आतून धावत आल्या.

"आत्ता ओरडताय?" मीही ओरडले. "त्या मंडपात ओरडायचं होतं!"

हे चपला घालून बाहेर गेले आणि दिवेलागणीला परत आले. तो शेजारी पुढे कधीतरी पुन्हा आला आणि इटलीबद्दल विचारायला लागला. हे मग म्हणाले, "चिखल फार होता." आणि मला म्हणाले, "चहा टाक गं."