मिस्टरांसाठी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्यांच्यासमोर दर आठवड्याला मन मोकळं करते त्या माणसांनाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट ठाऊक नाही.

मी दारू प्यायचे. ही काही कबुली नव्हे. एवढं तर मी आता सभेत उभी राहून सांगते. कबुली पुढे आहे.

आम्ही सातपूरला राहतो. विलास — माझे मिस्टर — तिथल्याच एका कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला. ह्यांना साध्या सुपारीचंही व्यसन नाही. मी दुपारची प्यायचे, मुलगी शाळेत आणि हे कामावर असताना. कशामुळे सुरू झालं? कुठलंही कारण दिलं तरी ती सबबच होईल, तेव्हा राहू द्या. बाटली पिठाच्या डब्यामागे असायची. वास जावा म्हणून मी बडीशेप चघळायचे. डोळे लाल दिसले की हे विचारायचे, डोकं दुखतंय का? मी हो म्हणायचे. एकदा मुलीला बसस्टॉपवरून आणायचं राहिलं, मी घरात झोपून होते. शेजारच्या वहिनींनी तिला आणून सोडलं. त्या दिवशी घाबरले.

दवाखान्याच्या भिंतीवर दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी एक फोन नंबर लावलेला होता. मी घरी येऊन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे बोलत होता. त्याने विचारलं, "कुणासाठी, ताई?"

मी म्हणाले, "मिस्टरांसाठी."

पटकन निघून गेलं तोंडातून, असं म्हणता येईल. पण तसं नव्हतं. तो थांबला होता, मला वेळ होता.

गंगापूर रोडच्या एका शाळेत रविवारी सभा असते, त्याने सांगितलं. पिणारे एका वर्गात बसतात, त्यांच्या घरचे दुसऱ्यात. मिस्टर तयार नसले तरी तुम्ही या. मी गेले. घरच्यांच्या वर्गात बसले, सगळ्या बायकाच होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी सगळं खरं सांगितलं — डब्यामागची बाटली, बडीशेप, बसस्टॉपवर राहिलेली मुलगी. फक्त माणूस बदलला. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मंगलताई म्हणून एक होत्या, सटाण्याकडच्या, ह्यांचं गावही तिकडचंच. त्या माझा हात धरून बसल्या. खरं सांगू? मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा प्याले.

असे कितीतरी रविवार गेले. ह्यांना मी भजनी मंडळाचं नाव सांगायचे.

मग एका संध्याकाळी दार वाजलं. मंगलताई, आणि सोबत त्यांचे मिस्टर, दारू सोडून बरीच वर्षं झालेले. मला न कळवता आले होते. त्यांनी ह्यांच्यासमोर बसून सरळ विषय काढला. घरात सोन्यासारखी बायको आहे, पोरगी आहे, त्यांच्याकडे बघून तरी सोडा, म्हणाले. मंगलताई म्हणाल्या, "दादा, आमच्याकडं पण लय असंच होतं. लाजू नका."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ट्रे घेऊन उभी होते. रागाने नाही पाहिलं, नुसतंच पाहिलं, बराच वेळ. माझी डोकेदुखी, माझं भजन, सगळं तेव्हाच जुळलं असावं. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "येतो मी. या रविवारी येतो."

आणि गेले. ज्याने कधी थेंब घेतला नाही तो माणूस पिणाऱ्यांच्या वर्गात बसला आणि मी शेजारच्या वर्गात. परत येताना गाडीवर एवढंच म्हणाले, "चांगले लोक आहेत ते. तू त्यांच्यात बस." मी मागे बसले होते.

नंतर मी नाशिकरोडची सभा शोधली, जिथे ओळखीचं कुणी नव्हतं. तिथे स्वतःचं नाव सांगितलं. सुटली, लगेच नाही, मध्ये दोनदा घसरले, पण सुटली. दर वेळी हे मला सोडायला यायचे आणि बाहेर गाडीपाशी थांबायचे. गंगापूर रोडला मात्र मी खरं कळवलं नाही. मंगलताई अजून फोन करतात, दादा बरे आहेत ना विचारतात. मी बरे आहेत म्हणते. त्यांच्याकडून गोष्ट गावाकडे पोचली. भावकीतल्या एका लग्नात ह्यांचे चुलतभाऊ ह्यांना बाजूला घेऊन शाबासकी देत होते, सोडलीस ते बरं केलंस म्हणून. मी चार हातांवर उभी होते. ऐकलं.

गेल्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी चौकशी केली असणार. एक दिवस ती ऑफिसातून आली ती सरळ ह्यांच्यापुढे उभी राहिली.

"बाबा, तुम्ही प्यायचात?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. ह्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं, मुद्दामच.

"प्यायचो. आता नाही."

"आईला त्रास दिलात?"

"खूप दिला," ते म्हणाले.

ती वळली. माझ्याकडे आली आणि मला घट्ट मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मला हे दिसत होते. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं, नाही का?

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आता ती सासरी आहे. बाबांना फोन कमी करते, मला रोज करते.