खरवडलेलं खोबरं आणि माझा रिपोर्ट

"ऑलिगोस्पर्मिया," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी सवयीने विचारलं, "म्हणजे नेमकं काय बिघडलंय?"

मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट बंद पडली की आधी कारण शोधायचं, मगच पाना हातात घ्यायचा. बाईंनी शांतपणे समजावलं. वीर्यात शुक्रजंतूंची संख्या कमी आहे. मोटिलिटी, म्हणजे त्यांची पुढे पोहत जाण्याची ताकद, तीही कमी. मूल होणं अशक्य नाही, पण अवघड आहे. शेजारी बसलेली माझी बायको अश्विनी नुसती रिपोर्टकडे बघत होती. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि तोवरच्या सगळ्या सुया तिलाच टोचल्या होत्या.

माझी तपासणी म्हणाल तर एक डबी आणि थोडी लाज. म्हणून सांगतो, दिवस राहत नसतील तर दोघांची तपासणी एकदमच करा.

पुढचे काही आठवडे परळच्या त्या हॉस्पिटलच्या बाकांवर गेले. डॉप्लर सोनोग्राफी झाली. वृषणाच्या शिरा फुगल्या आहेत का, ते तिच्यात कळतं. फुगल्या नव्हत्या. हार्मोन्स ठीक होते. तंबाखू मी खात नाही. शेवटी बाईंनी कागदावर 'इडिओपॅथिक' लिहिलं, म्हणजे कारण न सापडलेलं. हा शब्द काही माझ्या पचनी पडेना.

मग त्यांनी खाण्यापिण्याबद्दल विचारलं. मी हसून म्हणालो, त्या बाबतीत चंगळ आहे. मूल लवकर व्हावं म्हणून आई माझ्यासाठी मुद्दाम ताकदीचे लाडू करते, डिंक, शेंगदाणे आणि भरपूर सुकं खोबरं घालून. खोबरं आमच्या गावचं, मालवणकडचं. पावसाळ्यात त्याला बुरशी येते, पण आई ती सुरीने खरवडते आणि खोबरं खमंग भाजून घेते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बुरशी खरवडता येते, तिचं विष खरवडता येत नाही. ते आत मुरतं आणि भाजूनही पुरतं जात नाही. अफ्लाटॉक्सिन म्हणतात त्याला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने शुक्रजंतू घटलेले दिसतात. माणसांबद्दल इतकं ठाम सांगता येत नाही. तुमचं त्यानेच झालं, असं मी म्हणणार नाही. पण ते खाणं आजपासून बंद करा आणि मी लिहून देते ते औषध सुरू करा."

झालं, माझ्या डोक्याला खाद्य मिळालं. घरी येऊन मी खोबऱ्याच्या वाट्या खिडकीत मांडल्या आणि मोबाइलने मोठ्या करून पाहिल्या. कुठे हिरवट ठिपके, कुठे काळी पूड. लालबागच्या मसाल्याच्या दुकानात जाऊन माल कसा पारखता, ते विचारलं. दुकानदाराने वाटी फोडून मला वास घ्यायला लावला आणि आमच्या घरची वाटी हुंगून तोंड वाकडं केलं. या शोधात मला इतकी मजा येत होती की आईला हे कळल्यावर काय होईल, ते माझ्या मनातच आलं नाही.

भाजल्यावर सगळं मरतं, असं आई मानणारी. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे माझ्यामुळा झाला?"

मला एकदम गलबलून आलं. डॉक्टर तसं म्हणत नाहीत, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. कढीपत्त्याचं पानही वाया न घालवणाऱ्या आईने त्या संध्याकाळी सगळं खोबरं फेकून दिलं. बरेच दिवस ती माझ्याशी मोजकंच बोलत होती.

नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून तेवढं थांबून पुन्हा तपासणी केली. संख्या वाढली होती, पण अजून हवी तेवढी नव्हती. मी उतावीळपणे विचारलं, लाडूच होते ना कारण? बाई म्हणाल्या, असेल किंवा नसेल. एकाच माणसाचे दोन नमुनेही सारखे येत नाहीत. औषध चालू ठेवा, आशा ठेवा.

मूल होईल की नाही, ते आज मला माहीत नाही. कारण तर बहुधा कधीच कळणार नाही. हे मी निमूट मान्य केलं, याचं माझं मलाच नवल वाटतं.

मागच्या आठवड्यात समोरच्या घरातल्या मामी दारात उभ्या राहून आईला नेहमीचं विचारत होत्या, सुनेचं काही कळलं का, अमक्या वैद्याकडे तरी ने तिला. अश्विनी स्वयंपाकघरात तांदूळ धूत होती. मी तिथेच होतो. तिचा हात पाण्यात थांबलेला मला दिसला.

"तिका काय झालेला नाय," आई म्हणाली, अगदी जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "औषध माझ्या झिलाक चालू आसा."

झील म्हणजे मुलगा. या एका वाक्यासाठी मी आईचा जन्मभर ऋणी आहे. मामी आपल्या घरात गेल्या. अश्विनीने ओले हात पदराला पुसले, बाहेर गेली आणि दारात आईला खेटून उभी राहिली.