काकाचा उजवा पाय

मांडीवर फाटकन चापट मारायची आणि ओरडायचं, "ऊठ रं आळशा!" ही आमच्या काकाची सवय. बोलायचा तो स्वताच्या उजव्या पायाला, पण उठून उभा राहायचो मी. घरात आळशी म्हणून आधीपासनं मीच होतो ना! काका हसायचा. "तू बस. तुज्या आधी हा सुधारंल."

मुरबे गावाला आमची होडी होती आणि काका तिचा तांडेल. म्हंजे होडीवर शब्द त्याचा आणि सुकाणू पण त्याच्याच हातात. उन्हाळा संपता संपता तो ओल्या फळीवरनं घसरला, गुडघा जाऊन आपटला नांगरावर. मुंबईच्या डाक्टरनं गुडघा उघडला आणि फुटलेली वाटीच काढून टाकली. मी भेटायला गेलो नि खाटेशेजारी उभा राहून रडायला लागलो. तो मलाच समजावतोय, "अरे, वाटी गेली, ताट हाय अजून. जेवतोस का?" आणि मी त्याचं ताट जेवून पण आलो. तुमी असता तर लाजला असता. मी भात परत मागितला.

प्लास्टर निघालं तवा पावसाळा चालू होता. होड्या किनाऱ्यावर नारळाच्या झापांखाली झोपलेल्या आणि काकाचा पाय वल्ह्यासारखा ताठ. डाक्टरनं दम दिला होता, "झोपून राहिलास तर असाच राहील. रोज वाकव, रोज चाल."

आता आमच्या होडीची रीत ऐका. मोसमाच्या पहिल्या दिवशी तांडेलानं होडीत स्वताच्या बळावर चढायचं, आणि उजवा पाय पयला टाकायचा. कुणी उचलून ठेवला, नायतर डावा पयला पडला, तर त्या साली सुकाणू त्याचं नाय, घरातल्या दुसऱ्या गड्याचं. आणि घरात दुसरा गडी कोण? मी!

एकदा काकानं मला सुकाणू दिलं होतं, हौस म्हणून. मी होडी मुरब्याऐवजी खाडीपलीकडं सातपाटीला लावली, वर खलाशांनाच विचारलं, "आपलं देऊळ कुणी हलवलं रं?" त्यामुळं खलाशांनी मला तोंडावर सांगून टाकलं, "तू सुकाणूला बसलास तर आमी तारापूरला वीजघराच्या बांधकामावर पाट्या उचलू." खलाशी गेले म्हंजे होडी गेली, आणि होडी गेली म्हंजे घरच गेलं. त्या पावसाळ्यात अख्ख्या गावात काकाच्या गुडघ्याची सगळ्यात जास्त काळजी कुणाला असंल तर ती मला.

काका ओटीवर बसून जाळं विणायचा. आमच्यात जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवतात आणि ताणून धरतात. त्यानं मुद्दाम उजवा अंगठा घेतला. विणायला पाय पुढं, गाठ मारली की पाय मागं. पुढं, मागं. कपाळावर घाम, तोंडात शिवी, हातात सुई. मी समोर बसून त्याच्याबरोबर पाय हलवायचो, त्याला धीर यावा म्हणून. काय झालं? त्याचा गुडघा सुटत गेला आणि माझा दुखायला लागला. काकी आमच्या दोघांना एकाच वाटीतलं तेल चोळायची नि म्हणायची, "ह्याला नांगर लागला. तुला काय लागलं, मेल्या?"

मंग आली वाळूची पिशवी. घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा, असं डाक्टर म्हणाला होता. ते काम मी घेतलं, म्हंजे बघा. काकीची एक पिशवी रिकामी पडलेली दिसली, तिच्यात वाळू भरली, काकाच्या घोट्याला बांधली. पिशवी सुक्या जवल्याची होती! काका अंगणात दोन पावलं गेला नसंल, तर आळीतली सगळी मांजरं मागं. एक तर घोट्यालाच लोंबकळलं. काका पाय झाडतोय, मांजर सोडत नाय, मी मांजराला ओढतोय, ते मलाच बोचकारतंय.

आणि काकी एकदम ओरडली, "अवो, वाकला! गुडघा वाकला तुमचा!"

खरंच वाकला होता. काका हसून हसून खाली बसला. खाली बसला बरं का, मांडी घालून! त्या दिवसापासनं पिशवी तीच. मांजरांना तो म्हणायचा, "या गं, डाक्टरणींनो."

पण नारळी पुनव जवळ आली तवा आमी हळूच होडीकडं गेलो. काकानं काठ धरला, पाय उचलला. चार बोटं कमी पडला. परत उचलला, परत कमी. त्यानं काठ सोडला.

मी म्हटलं, "काका, डाव्यानं चढ. मी कुणाला सांगत नाय."

"दर्याला दिसंल ना रं," एवढंच म्हणाला, आणि लंगडत परत ओटीवर जाऊन जाळं अंगठ्यात अडकवलं.

पुनवेला नारळ वाहिला. दुसऱ्या दिवशी होड्या पाण्यात. आमची कमरेएवढ्या पाण्यात डुलत होती, खलाशी आत, सगळ्यात शेवटी चढायचा मी काकामागं पाण्यात, आणि सगळी मुरब्याची माणसं किनाऱ्यावर, बोंबील सुकवायच्या वलांडीखाली पण उभी. काकानं काठ धरला. लाट आली, गेली. दुसरी आली. ती उतरली, होडी खाली बसली, आणि काकाचा उजवा पाय वर आला. वर, वर, आणि काठाच्या आत! तोंडातनं एक आरोळी बाहेर आली त्याच्या, ती किनाऱ्यापर्यंत ऐकू आली. अंग ओढलं आणि माणूस होडीत उभा!

मी पाण्यात उड्या मारायला लागलो. "चढला! चढला!" खलाशी होडीतनं ओरडतायत, "चढ! चढ!" मला वाटलं, हे पण आनंदानंच ओरडतायत. मी आणखी जोरात, "चढला रं, चढला!" शीड फुगलं, होडी सुटली, आणि मी कमरेएवढ्या पाण्यात तसाच. माझं जेवणाचं डबडं होडीत गेलं. किनाऱ्यावर माणसं पोट धरून हसत होती, आणि काकी रडता रडता त्यांच्यात.

त्यानंतर काकानं पुष्कळ मोसम काढले. आता तो नाय. पण मला तो दिसतो तो त्याच दिवसाचा, पाठमोरा, सुकाणूला उभा, उजव्या पायावर मुद्दाम सगळा भार टाकून. एक माणूस कमी हाय हे त्याच्या ध्यानात पण आलं नव्हतं.