यारोला पाणी नको

लेकीने नर्सरीतून आणलेलं यारोचं झाड गच्चीवर उन्हात ताठ उभं आहे. गाजराच्या पाल्यासारखी पानं आणि वर बारीक पांढऱ्या फुलांचा झुबका. आमचे हे गेल्यापासून महिनाभर मी इकडे फिरकलेच नव्हते. शेजारच्या कुंड्यांत गुलाबांच्या नुसत्या काड्या उरल्यात.

पंचविशीत गुलाबाच्या एका कळीला कीड लागली म्हणून मी जेवले नव्हते. हे म्हणाले होते, "अगं, वरणभात तरी खा, कळीला काही कळणार नाही." काय ते नखरे! डोळ्यांना तेव्हा नळच बसवला होता जणू. आता एवढ्या काड्या पाहिल्या, तरी आत काही हललं नाही. मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, तसं. रडू कायमचंच आटलं असेल तर, एवढीच काय ती धास्ती वाटते.

शेजारची शालन बादली घेऊन वर आली. "वहिनी, याला घालते हं पाणी."

"नको गं. जास्त पाण्याने लोळतं ते. कोरडंच बरं असतं."

"आणि तुम्ही? अजून रडला नाहीत म्हणे."

"म्हणून बादली भरून आणलीस होय?"

ती हसली आणि हे दुःखाचं घर आहे हे आठवून तिने पदर तोंडाला लावला. मीही हसले, म्हणजे ओठ हलले, तेवढंच. यारोचं पान चुरगळून हुंगलं. औषधासारखा उग्र वास नाकापर्यंत आला, पुढे गेला नाही.

शालनने बादली खाली ठेवली आणि माझ्याशेजारी टेकली. मी तिला जा म्हटलं नाही.